वाचून झालेलं नाव

प्रिय धाकटे,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, लगेच हुरळून जाऊ नकोस. तुझं दुसरं पत्र परवा मिळालं. पहिलंही मिळालं होतं, नाताळाआधी, आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात. त्याला उत्तर दिलं नाही, कारण द्यायचं नव्हतं. टपाल तू देवळाच्या पत्त्यावर पाठवतेस आणि देवळाचं टपाल मीच उघडते, तेव्हा आईच्या हातात काही पडलं असेल अशा भ्रमात राहू नकोस. आता मात्र लिहिणं भाग आहे. शुभ शुक्रवारच्या दुपारच्या गाडीने मुलीला घेऊन येतेस म्हणतेस, आणि गाडीत पाय ठेवण्याआधी तुला इथली एक गोष्ट कळायला हवी. ती मी सांगणारच आहे, पण माझ्या पद्धतीने सांगेन. तुला सगळं झटपट हवं असतं, ही तुझी खोड अकरा वर्षांत गेली नसणार.

मी अजून तिथेच आहे, वेदीमागच्या खोलीत. तेच कपाट, तेच चार खण. जांभळं वस्त्र आगमनकाळाचं आणि उपवासकाळाचं, पांढरं सणांचं, लाल पवित्र आत्म्याच्या दिवसाचं आणि हिरवं बाकीच्या लांबलचक महिन्यांचं, ज्यात काही म्हणजे काही घडत नाही. दिवसभर लोकांचे कपडे शिवते, संध्याकाळी वेदीचे. मेणाचे डाग अजून तसेच कागद ठेवून इस्त्रीने काढते. जुने पाळक निवृत्त होऊन लेकाकडे राहायला गेले. नवे गेल्या उन्हाळ्यात आले, तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, हातात दिलेला कागद सरळ वाचतात. इथे कोण कुणाचं कोण आणि कुणाचं काय झालं होतं हे त्यांना ठाऊक नाही. तेवढं लक्षात ठेव, पुढे लागेल. गायकमंडळीतल्या आपल्या ‘चढ्या पट्टी’ने नवे दात बसवलेत, त्यामुळे बाईंचा सूर आणखीच वर गेलाय आणि अख्खी गायकमंडळी तिच्या मागे धापा टाकत असते. ऑर्गनवर बेकरीवाल्याची सून बसते. चुकते फार, पण बसल्या जागी राहते. या देवळाला एवढं पुरे आहे.

तुझा तो बाजेवाला तुला सोडून गेला, तेही दुसऱ्या देवळातल्या एका गाणारणीबरोबर, हे तू दोन ओळींत उरकलंस. मी मात्र त्या दोन ओळी चांगल्या चार वेळा वाचल्या. हसू आलं मला. खोटं कशाला बोलू? इतक्या मोठ्याने हसले की घंटेवाले काका दारातून डोकावले आणि सगळं ठीक आहे ना म्हणाले. मी म्हटलं, फार ठीक आहे.

पुनरुत्थानाच्या सणानंतरचे ते रविवार तुला आठवतात का गं? वेदीवर पांढरं वस्त्र होतं. लग्नाचा पुकारा तीन रविवार वाचतात. वर अमुक, वधू अमुक, कुणाची हरकत असेल तर त्याने आत्ताच सांगावं. पहिल्या रविवारी माझं नाव त्याच्या नावाबरोबर वाचलं गेलं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि माझे कान सोळा वर्षांच्या पोरीसारखे लाल झाले होते. दुसऱ्या रविवारी पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा तू गायकमंडळीत उभी होतीस, डोळे गीताच्या पानात. हरकत आहे का, असं तुझ्यासमोर दोनदा विचारलं गेलं. एक शब्द बोलली असतीस तर? तेवढी लाज तरी वाचली असती. तिसऱ्या रविवारी ऑर्गनपुढचं स्टूल रिकामं आणि तुझी जागाही रिकामी. म्हाताऱ्या पाळकांनी कागदाकडे पाहिलं, तो उलटा केला आणि छपराच्या दुरुस्तीची सभा कधी आहे ते सांगितलं. त्यानंतर मला कुणी काही बोललं नाही. सगळे नुसते चांगले वागायला लागले, इतके चांगले की रस्त्यात कुणी दिसलं की मी गल्ली बदलायची. माझा लग्नाचा झगा मी स्वतः उसवला. त्यातून वेदीसाठी एक पांढरं वस्त्र निघालं आणि थोडं कापड उरलं. दर पुनरुत्थानाला तेच घालते वेदीवर. मंडळीतल्या कुणालाही माहीत नाही.

मला वाटलं होतं, आई तुझं नाव टाकेल. ती कसली टाकते! तिने तिसऱ्या बाकावर खिडकीकडच्या तुझ्या जागेवर आपली राखाडी शाल घडी करून ठेवली आणि येईल ती, म्हणाली. अकरा वर्षं, धाकटे. नाताळला लोक भिंतीला टेकून उभे असायचे आणि तुझ्या जागेवर शाल बसलेली असायची. एकदा एका पोटुशी बाईने विचारलं, तर आईने मान हलवून नाही म्हटलं, आणि ती बिचारी तासभर उभी राहिली. शिवाय प्रार्थनेची यादी. तिच्यात तीन भाग असतात: आजारी, प्रवासात असलेले आणि प्रभूत निजलेले. दर शनिवारी यादी मी लिहायची आणि दर शनिवारी आई माझ्या खांद्याशी उभी राहून तुझं नाव प्रवासात असलेल्यांत लिहून घ्यायची. पाचशेच्या वर शनिवार. माझ्या हाताने, माझ्या पेनने. मागे चढी पट्टी कुजबुजायची, केवढा हा प्रवास बाई! आईचं जेवणखाण, तिचे सुजलेले पाय, तिची औषधं, सगळं मी बघायची. मी ताट समोर ठेवलं की ती विचारायची, पत्र आलं का? आणि तू एक ओळ टाकली नाहीस. मला नाही तर नाही, तिला टाकायचीस. अकरा वर्षांत तिने एकदाही मला विचारलं नाही, तू कशी आहेस म्हणून.

तर गेल्या वर्षीचा मृतांचा दिवस. वर्षभरात गेलेल्यांची नावं त्या दिवशी वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा एक ठोका, आणि घरातलं माणूस उठून मेणबत्ती लावतं. आदल्या दिवशी दुपारी मी यादी उतरवत होते. आईचे पाय दुखत होते म्हणून ती आली नव्हती. आजारी चार लिहिले. प्रवासात बोटीवरचा एक मुलगा. निजलेले सात. मग आठवं नाव मी तुझं लिहिलं. दोन दिवस मी स्वतःला सांगत होते की हात चुकला. हात एखाद्या अक्षरात चुकतो गं, अख्ख्या नावात नाही चुकत. दुसऱ्या दिवशी नव्या पाळकांनी कागद वाचला. तुझं नाव आलं, घंटा वाजली आणि चढ्या पट्टीने तोंडावर हात धरला. पाळक थांबले, कुणी उठतंय का बघत. मी उठून सांगू शकले असते, साहेब, चूक झाली. माझं तोंड मिटलेलंच राहिलं. तुझंही मिटलेलंच होतं ना, दोन रविवार? आई उठली. तिची मेणबत्ती काही केल्या पेटेना. तिसऱ्यांदा पेटली, तेव्हा मी तिचा कोपर धरला होता.

घरी आल्यावर तिने तीनच प्रश्न विचारले. कधी, कशाने, आणि हाल झाले का? मी म्हटलं, रुग्णालयातून पत्र आलं होतं, तापाने गेली, तिथल्याच मंडळीने माती दिली, आई, तुला कसं सांगू कळत नव्हतं म्हणून नाव लिहिलं. हाल झाले नाहीत, असं सांगितलं. एवढी दया मी तुझ्यावर केली आहे, तिची नोंद घे.

दोन आठवडे ती धड जेवली नाही. मला वाटलं, आता हीही जाते आणि मी दोघींची मारेकरीण ठरते. मग आगमनकाळाचा पहिला रविवार आला, पहिली मेणबत्ती लागली, आणि आईने तिसऱ्या बाकावरची शाल उचलून माझ्या खांद्यावर टाकली. थंडी आहे बाळ, म्हणाली. बाळ! एकोणपन्नास वर्षांच्या बाईला. त्या जागेवर मग बेकरीवाल्याची जुळी नातवंडं बसायला आणि बाकाला लाथा मारायला लागली. राखेच्या बुधवारी नेहमीसारखी मी मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून राख केली, चाळली, वाटीत भरली. पाळकांनी सगळ्यांच्या कपाळावर क्रूस काढला. घरी आल्यावर आईने ओला रुमाल घेतला आणि माझं तोंड हातात धरून माझं कपाळ पुसलं, हळूहळू, कडेकडेने. मग म्हणाली, आता तूच एक आहेस मला. मी रडले, धाकटे, उभ्या उभ्या रडले. माझं तोंड असं कुणी धरलं नव्हतं, त्यानेसुद्धा नाही. हे मी परत देणार नाही. तुला काय वाटायचं ते वाटू दे.

आणि ज्या आठवड्यात ती शाल माझ्या खांद्यावर आली, त्याच आठवड्यात तुझं पहिलं पत्र आलं. मेलेलीचं पत्र. जांभळ्या वस्त्राच्या खणात, तळाशी ठेवलं ते. दहा वर्षांची मुलगी आहे, बाप्तिस्मा झालेला नाही, आणि तिला ताईचं नाव दिलंय. मोठ्या कौतुकाने लिहिलंस! कुणी सांगितलं होतं तुला? माझा माणूस नेलास आणि वर रोज सकाळी त्याला माझ्या नावाने हाक मारायला लावलीस. त्याने मारली तरी कशी, हे मला तुझ्याकडून कधीतरी ऐकायचं होतं. फोटो मात्र मी पाहिला. पुष्कळदा पाहिला. हनुवटी आईची आहे. फ्रॉक आखूड झालाय आणि खालची शिवण तू हाताने सोडलीस, तीही वाकडी. एवढ्या वर्षांत साधी तुरपाई शिकली नाहीस.

आता दुसऱ्या पत्रात लिहितेस की धुलाईच्या कामात दोन-दोन पाळ्या कराव्या लागतात, महिनाअखेर खोली सोडायची आहे, आणि बस्तान बसेपर्यंत आम्हा दोघींना घरी राहू दे. दोघींना नाही. तुला इथे येता येणार नाही, तुझं नाव वाचून झालंय. पण मेलेलीची मुलगी येऊ शकते. आईला मी कालच सांगितलं की रुग्णालयाच्या पत्रात मुलीचाही उल्लेख होता, पण ती फार खचली होती म्हणून तेव्हा बोलले नाही. आता ज्यांच्याकडे ती आहे ते पाठवायला तयार आहेत. आई उठून खिडकीजवळची खोली झाडायला लागली, सुजलेल्या पायांनी, आणि माझ्या खांद्यावरची शाल मागून घेतली. तिसऱ्या बाकावर पुन्हा ठेवून आली ती. म्हणून हे पत्र. शुक्रवारच्या गाडीत तिला एकटीला बसव, थांब्यावर मी आणि घंटेवाले काका उभे असू. तुझी आई कुठे आहे, असं कुणी विचारलं की काय सांगायचं ते तिला आधी शिकव. न रडता सांगता येईपर्यंत म्हणवून घे, दहा वर्षांचं पोर आहे, शिकेल. तूही बरोबर उतरलीस तर आईला एकाच क्षणी कळेल की तू जिवंत आहेस आणि मी कोण आहे. शहात्तराव्या वर्षी ते तिच्या अंगावर घालायचं असेल तर खुशाल ये, तुला घरं मोडायची सवय आहेच. मुलीच्या कपड्यांची काळजी करू नकोस. माझ्या झग्याचं उरलेलं कापड होतं, त्यातून पांढरा फ्रॉक शिवून ठेवलाय, फोटोवरून माप घेतलं. पुनरुत्थानाच्या रविवारी तिचा बाप्तिस्मा होईल. पाळकांना मी तिचं पूर्ण नाव कागदावर लिहून दिलंय, माझं नाव आणि पुढे त्याचं आडनाव, दोनदा पुकारूनही जी मी झाले नाही ती. ते कागद सरळ वाचतात. या वेळी तिसऱ्यांदा वाचतील.

तुझीच,
ताई