हिरव्या रंगाखालचा नंबर

४ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या जुन्या जीपगाडीचं इंजिन मी खोललं आहे. दिवसभर लोकांचे दात उपटून हिचं पोट भरत नाही, असं तू म्हणशील. आईचं ते आधीच म्हणून झालं आहे. रिंगा नव्या घातल्या, व्हॉल्व्ह घासून झाले. आता अडलंय ते हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, बोल्टांशी. ते किती जोराने आवळायचे? कमी आवळले तर त्याखालची गॅस्केट फुटून पाणी तेलात जाईल, जास्त आवळले तर बोल्टच तुटेल. गॅस्केट मोठ्या मिनतवारीने एकच मिळाली आहे. जुनी हातात घेऊन दुकानाच्या माळ्यावर भोकाशी भोक जुळवत बसले तेव्हा. त्यामुळे जो प्रयोग करायचा तो एकदाच.

इंटरनेटवर दोन ठिकाणी पासष्ट लिहिलंय (दोन्ही पानांचे पत्ते मागे लिहिलेत). गॅरेजवाला पंचावन्न म्हणतो. बाबा म्हणतात ऐंशी, आणि का म्हणून विचारलं की पेपर वाचायला लागतात. बहुमत पासष्टला आहे, म्हणून रविवारी पासष्टवर आवळते. आईने सांगून ठेवलंय, महिनाअखेर गाडी सुरू झाली नाही तर भंगारवाल्याला बोलावणार.

तुझी लाडकी (हे तू कधी म्हणत नाहीस, म्हणून मीच लिहिते),
खटपटी

८ फेब्रुवारी

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

रविवारी पान्याला हात लावू नकोस. बहुमताने सभापती निवडतात, आकडे नव्हे.

तू कळवलेली दोन्ही पानं मी पाहिली. बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे त्याचं चित्र दोन्हींत आहे आणि दोन्हींत सात हा आकडा दोनदा आहे, आठ कुठेच नाही. मी जन्मभर प्रयोगवह्या तपासल्या आहेत. बरोबर उत्तरं कोणाचीही जुळतात. चुका जुळल्या की समजावं, एकाने दुसऱ्याचं उतरवलं आहे. म्हणजे तुझे दोन साक्षीदार हा एकच माणूस आहे, आणि तोही झोपेत लिहिणारा. शिवाय नुसतं पासष्ट म्हणजे काय? पासष्ट किलो, पासष्ट पौंड की पासष्ट पेरू?

आणि मुख्य गोष्ट. पेशंटचं नाव न विचारता तू दाढ काढतेस का? इंजिनाच्या ब्लॉकवर नंबर ठोकलेला असतो. तो वाच. मग त्या नंबरासाठी कंपनीने स्वतः छापलेलं पुस्तक मिळव. सांगोवांगी नको.

दादाला ऐंशीचा आधार विचार. पेपर उघडला तर पेपर काढून घे. वहिनीस नमस्कार.

लोभ आहे, पण तो काम नीट केल्यावर.
आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

नंबर सापडेना, कारण अख्खं इंजिन हिरवं आहे. बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे. डबा उघडला की संपेपर्यंत रंगवतात. फाटक, झारी, तुझ्या जुन्या टेबलाचे पाय. शेवटी दवाखान्यातून दातांवरचं किटण खरवडायचं हत्यार आणलं आणि ब्लॉकचा एकेक आकडा दातासारखा साफ केला.

आत्या, हे जीपचं इंजिनच नाही. कंपनीच्या जुन्या कागदपत्रांच्या भांडारात नंबर कळवला, तर उत्तर आलं की हे त्यांनीच बनवलेल्या, पाव पोचवणाऱ्या गाडीचं आहे. याचे बोल्ट जाड असतात. सोबत त्यांनी छापील पुस्तकातल्या पानाची प्रत पाठवली: ऐंशी फूट-पौंड, आट्यांना तेल लावून, तीन फेऱ्यांत.

पान बाबांपुढे धरलं. त्यांनी पेपर आपणहून खाली ठेवला. मी तान्ही असताना आई मला घेऊन माहेरी गेली होती, तेव्हा मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला. आई येण्याआधी बाबांनी हे बसवलं आणि वरून रंग दिला. का, तर आई आल्यागेल्याला सांगते ना, लग्नात ज्या गाडीतून आले तिचा आवाज मी कोपऱ्यावरून ओळखते. तिचं मन मोडेल म्हणून हे इतकी वर्षं गप्प. आता मलाही गप्प राहायला सांगतात. म्हणजे आमची आई इतकी वर्षं पाववाल्याची वाट बघते आहे. तिला सांगू की नको?

तुझी,
खटपटी

२२ फेब्रुवारी

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

याला म्हणतात आधार. कोणी छापलं, कोणत्या इंजिनासाठी, कोणत्या मापात आणि कोरड्या आट्यांना की तेलकट, सगळं एका पानावर आहे. गॅरेजवाला आणि ते झोपाळू महाशय जीपबद्दल बोलत होते, दादा खऱ्या इंजिनाबद्दल. त्याला आकडा माहीत होता, पण कारण सांगायची सोय नव्हती.

आवळण्याआधी तुझा जोर मोजायचा पाना तपास. दांड्याला बरोबर एक फुटावर माहीत असलेलं वजन टांग आणि काटा काय दाखवतो ते बघ. पुस्तक खरं आणि पाना खोटा, असं चालायचं नाही.

आईबद्दल: तिने विचारलं तर खोटं बोलायचं नाही. नाही विचारलं तर तोंड उघडायचं नाही. नवराबायकोच्या गोष्टींचं पुस्तक कोणतीच कंपनी छापत नाही.

आशीर्वाद आहेतच, तेल विसरू नकोस.
आत्या

१ मार्च

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

गाडी काल सुरू झाली. पाण्याचा थेंब गळला नाही. लेकीने नाकाला काळं लावून घेतलं आहे आणि पुसू देत नाही. भंगारवाल्याला मी बोलावणार नव्हतेच. पण मुदत घातली नसती तर हे दोघं पुढच्या वर्षापर्यंत ते धूड अंगणात उघडं ठेवून बसले असते.

आता तुम्हाला म्हणून सांगते. दोघं माझ्याकडे चोरून बघत होती, म्हणजे इंजिनाचं यांनी तिला सांगितलेलं दिसतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हे माहेरहून न्यायला आले तेव्हा कोपऱ्यावर गाडी आली तरी मी उठलेच नाही, आवाजच ओळखीचा नव्हता. मग रंगाचा वास आला. इंजिनाला रंग देणारा नवरा काहीतरी लपवतो आहे, एवढं कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

जुन्या इंजिनाचा आवाज मला कधीच आवडला नव्हता, दमेकऱ्यासारखं खोकायचं. आवडतो तो हाच. पण पाहुण्यांपुढे मी लग्नातला आवाज म्हटलं की यांचा चेहरा असा काही होतो, की तेवढ्यासाठी मी दरवेळी म्हणते. कालही म्हटलं. हे लगेच रंगाचा डबा शोधायला गेले.

यांना कळू देऊ नका. लोभ असाच ठेवावा, फार न आवळता, सैलही न सोडता.

आपली,
वहिनी