बेचाळिसावा हंडा

मामा, परवा गावानं विहिरीच्या कट्ट्यावर तुमच्या नावाची फरशी बसवली. नारळ माझ्या हातून फोडून घेतला, मला खुर्ची दिली, आणि मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलायला लागला. साप चावलेल्या माणसाला सायकलवर पाठीशी बांधून तुम्ही नगरच्या सिव्हिलला नेलंत, ते कुणी सांगितलं. कुणी सांगितलं, गावात तार आली की ती वाचायला तुमच्याकडे यायची. वाईट असली तर तुम्ही त्या घरी जाऊन आधी पाणी मागून प्यायचात, सगळ्यांना खाली बसवायचात, मगच तोंड उघडायचात. सगळं खरं होतं, मी मान हलवत होते. मग दुष्काळात टँकरच्या रांगेची शिट्टी तुमच्यानंतर ज्याच्या गळ्यात आली तो उठला. आता तोही काठी टेकत चालतो. हसत म्हणाला, "फौजी जन्मात एकदाच चुकले बघा. घरं एक्केचाळीस अन् रांगेत हंडे बेचाळीस. येवढ्यावरून शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. म्हनले, ज्याला मोजता येत न्हाई त्यानं फुंकायची कशाला." लोक हसले आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. त्या हसण्यानं तीन दिवस तोंडाची चव गेलीय. एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते आणि अर्ध्यात उठते. नातसून विचारते, "आजी, काय हरवलंय?" म्हणून शेवटी वही घेतली.

तुमच्या घरी मी सून म्हणून आले तेव्हा मला अक्षरओळख नव्हती, आणि तुमची फार भीती वाटायची. फौजेतून आलेला माणूस, मिश्या पिळदार, बर्फात पायाची दोन बोटं गेलेली, त्यामुळं चाल अशी की एक पाऊल वाजायचं आणि एक नाही. दुसऱ्याच दिवशी पाहिलं तर चुलीपुढं तुम्ही. आत्याबाईंना चहा करून देत होतात. आमच्या माहेरी हे कुणी पाहिलं असतं तर सासू-सासरे दोघांचंही बोलून बोलून भुस्कट केलं असतं. इथंही शेजारणी म्हणायच्याच, "हवालदारांच्या घरी चूल उलटी पेटती." त्यावर तुम्ही म्हणायचात, "पेटती ना? मग झालं." आत्याबाई लाजून भिंतीकडं तोंड करून चहा प्यायच्या. मला अजून त्यांचं ते बशीतून फुर्र करून पिणं ऐकू येतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तुमचा लेक, माझा नवरा, तोही फौजेत, एकाहत्तरच्या लढाईपासून सीमेवरच होता. विहिरी खडखडीत. बाया-बापे सगळे सडकेच्या कामावर खडी फोडायला, खायला ती रेशनची तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकरी तव्यावरच भेगाळायची. टँकर एक दिवसाआड यायचा, तोही अर्धाच, उरलेला पुढच्या वाडीचा. पहिल्या दोन टँकरना गावात डोकी फुटायची पाळी आली, तेव्हा तुम्ही ट्रंकेतून शिट्टी काढलीत. घरटी एक हंडा. बायांनी पहाटे हंडे रांगेत मांडायचे आणि कामावर निघून जायचं. माणसाच्या जागी भांडं उभं राहील. तुम्ही आणि दोन म्हातारे ओळीनं भरून ठेवणार, दुपारच्या सुट्टीत ज्यानं त्यानं आपापला उचलायचा. दर टँकरला पहिला नंबर बदलायचा, तेवढा आपला हंडा मात्र कायम शेवटी. आत्याबाई एकदा चिडून म्हणाल्या, "आपुन गावाचं काय घोडं मारलंय?" तुम्ही म्हणालात, "पंगतीत वाढनारा शेवटी बसतो. ही पन पंगतच हाय." शेवटच्या हंड्यात बहुतेक वेळा नळीतला गढूळ गाळ यायचा. आपण तो फडक्यानं गाळून, तुरटी फिरवून प्यायचो.

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. लेकराच्या अंगात ताप आहे, असं आत्याबाईंना सांगितलं. त्या गेल्या, तुम्ही टँकर बघायला सडकेवर गेलात. कट्ट्यावर एक्केचाळीस हंडे ओळीनं उन्हात उभे होते आणि माणूस एकही नाही. मी घरात आले, माझ्या लग्नात माहेरानं दिलेला पितळी हंडा उतरंडीमागून काढला, त्यातल्या चिंध्या काढून ठेवल्या आणि नेऊन रांगेत मधेच बसवला. गावातल्या कुणी तो हंडा कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळं कुणी ओळखणार नाही असा माझा हिशेब. त्याच्या गळ्याला माझ्या वडलांचं नाव कोरलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण मामा, हे तुम्हाला कसं समजावू? मला ती अक्षरं म्हणजे वेलबुट्टीसारखी होती. ज्याला वाचता येत नाही त्याच्या मनातच येत नाही की दुसरा माणूस नुसती नजर टाकेल आणि भांडं त्याच्याशी बोलेल. मी तो हंडा भिंतीकडं तोंड करूनसुद्धा ठेवला नाही. नाव रस्त्याच्या बाजूला, अगदी उघड.

दुपारी गर्दीत मी तो उचलून आणला. तुम्ही टँकरच्या पायरीवर उभे होतात. मला वाटतं तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मला वाटतं, नाहीही. पन्नास वर्षं मी त्या पायरीकडं परत परत जाऊन बघते आणि तुमचं तोंड काही दिसत नाही, उन्हात नुसती शिट्टी चमकते.

त्या दिवशी पाणी चाळिसाव्या घराला संपलं. ते घर पलीकडच्या एकट्या म्हातारीचं. तिचा हंडा तळाशी ओला आणि बाकी कोरडा. आपल्या हंड्यात तर थेंब नव्हता, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. आपला तर रोजच तसा.

थोड्या वेळानं तुम्ही घरी आलात. मी लेकराला मांडीवर घेऊन दारात बसले होते. तुम्ही अंगणातच थांबलात, माझ्याकडं न बघता म्हणालात, "सूनबाई, पदर घ्या डोक्यावरनं. नीट घ्या. आता मान्सं येत्याल." मला इतकं लागलं ते. पदरावरून तुम्ही मला कधी बोलला नव्हतात, उलट आत्याबाईंनाच म्हणायचात, "घरात कशाला झाकायला लावतीस, गुदमरंल पोर." मी पदर कपाळापर्यंत ओढला आणि मनात म्हटलं, म्हातारा बाकी सगळ्यांसारखाच निघाला.

पाठोपाठ ती म्हातारी आली आणि तिच्यामागं पाच-सहा जण. म्हातारीनं कोरडा हंडा तुमच्यापुढं उपडा करून दाखवला. दुसराच एक बाप्या म्हणाला, "हवालदार, टँकर तेवढाच, हंडे तेवढेच, मग पानी कुठं गेलं?"

तुम्ही म्हणालात, "एका घराला दोन हंडे गेले. मोजन्यात चूक झाली, ती माझी."

"कुन्या घराला?"

"चूक माझी म्हनलं ना. मग मलाच धरा."

शिट्टी गळ्यातून काढलीत. ज्यानं परवा हसवलं तो तेव्हा तरणा होता, नको नको म्हणत मागं सरत होता. तुम्ही त्याच्या गळ्यात घातलीत. मग कावड उचललीत आणि दोन कोसांवरच्या ओढ्यात वाळू उकरून केलेल्या झिऱ्याकडं चालायला लागलात. एक पाऊल वाजत होतं, एक नाही. दिवस मावळायच्या आत म्हातारीचा हंडा भरलेला होता. पुढं पाऊस पडेपर्यंत, टँकर आला काय नि नाही काय, तिचं पाणी तुम्हीच आणलंत. आत्याबाई म्हणाल्या, "हे कसलं खूळ?" तुम्ही कावड खांद्यावर घेतलीत. त्यांना कधी कळलं होतं का, हेही मला माहीत नाही.

शिट्टी गेल्यावर दुपारी तुम्ही मोकळे असायचात. एक दिवस गोठ्याच्या पुढं शेणानं सारवलेल्या जमिनीवर कोळशानं अक्षर काढलंत आणि मला हाक मारलीत. मला वाटलं लेकराला घ्यायला बोलावलं. तुम्ही म्हणालात, "ह्याला ग म्हनत्यात." आणि तिथून सुरू झालं. दुपारच्या सुट्टीत मी घरी आले की रोज चार अक्षरं. माझं चुकलं की तुम्ही पायानं पुसायचात, त्या तीन बोटांच्या पायानं, आणि परत काढायचात. कधी आवाज चढला नाही. महिन्या-दीड महिन्यानं माझा माहेरचा हंडा आणून माझ्यापुढं ठेवलात. म्हणालात, "हे वाचा."

मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. शेवटच्या अक्षराला पोचले आणि बोट तिथंच राहिलं. माझ्या तोंडून माझ्या बापाचं नाव निघालं होतं आणि तुम्ही समोर बसला होतात. तुम्ही म्हणालात, "आलं ना वाचता? मग घासून जागेवर ठेवा." उठून गुरांना वैरण टाकायला गेलात. तेवढंच. त्यानंतर तुम्ही मला एक अक्षर शिकवलं नाहीत, आणि मीही मागितलं नाही. पुढचं सगळं मी गुळाच्या पुडीचे कागद, मुलांची पुस्तकं, एसटीच्या पाट्या यांच्यावर शिकले.

तुम्ही ते नाव पाणी भरायच्या आधी वाचलं होतंत का नंतर? आधी वाचलं असेल तर तुम्ही म्हातारीच्या तोंडचं पाणी माझ्या हंड्यात पडू दिलंत, रोज शेवटी बसणाऱ्या माणसानं. तसं असेल तर शिट्टी तुम्ही मला वाचवायला नाही, स्वतःला शिक्षा म्हणून काढलीत. या एका गोष्टीनं मला पन्नास वर्षं कुरतडलंय. शेवटच्या दुखण्यात तुम्ही पाणी मागितलंत, मी चमच्यानं पाजत होते, आणि ओठावर आलं होतं. पण घर माणसांनी भरलेलं. मी तोंड पुसलं आणि उठले.

परवा कट्ट्यावरही माणसं होतीच. मला चार शब्द बोलायला सांगितलं, मी म्हटलं, "आमचे मामा देवमाणूस." आणि बसले. घरी माझ्या मुला-नातवंडांना ही गोष्ट ठाऊक आहे, मीच सांगितलीय. पण अशी की लेकराला ताप होता, पाण्यावाचून जीव चालला होता, म्हणून आईनं एक हंडा जास्त ठेवला. सगळे म्हणतात, आईचं काळीज. ही वही उद्या त्यांच्या हाती लागू नये म्हणून हे पान फाडून त्याच हंड्यात ठेवणार आहे, तळाशी, चिंध्यांच्या खाली.

लेकराला ताप नव्हता मामा. तो आदल्या आठवड्यातच उतरला होता. त्या संध्याकाळच्या गाडीनं तुमचा लेक लढाईनंतर पहिल्यांदा रजेवर यायचा होता, आणि पाच महिने खडीच्या धुळीनं माझ्या डोक्याचं काथ्याचं भेंडोळं झालं होतं. तो त्या दिवशी आलाच नाही, चार दिवसांनी आला. त्या हंड्यातलं पाणी लेकराला घोटभर पाजलं, आणि उरलेल्या सगळ्या पाण्यानं मी न्हाले. तुम्ही अंगणात आलात तेव्हा माझे केस ओले होते.