फणसाला वाचून दाखव

बाई,

शिक्षण कचेरीतून एक कागद आला आहे. प्राथमिक शिक्षकांनी आपापल्या वर्गातले सोपे, करून पाहिलेले उपक्रम लिहून आणायचे आणि शनिवारी डिचोलीच्या बैठकीत सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचे. कागदावर रकाने आखलेले आहेत: उपक्रमाचे नाव, लागणारे साहित्य, उद्दिष्ट, फलनिष्पत्ती. मी पहिल्या रकान्यात ‘मोठ्याने वाचण्याचा सराव’ असं लिहिलं, दुसऱ्यात ‘एक फणस’ असं लिहिलं आणि थांबले. फळ की झाड, असं कोणी तरी विचारणार, म्हणून पुढे ‘झाड’ असा शब्द जोडला. त्याने कागद आणखीच येड्यासारखा दिसायला लागला. शेवटी तो बाजूला सारला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, त्यामुळे हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं याची काळजी नाही, हे एक बरं आहे.

मी आता सुर्ल्याच्या शाळेत आहे. एकच खोली, चार इयत्ता आणि एकोणीस मुलं, म्हणजे हळर्णला तुमचं होतं तसंच, फक्त तुमच्याकडे मुलं जास्त होती आणि भिंती कमी. चौथीतलं एकेक मूल पहिलीतल्या एकेकाला धरून बसवायचं, ही तुमचीच पद्धत मी चालवते. वर्गात गलका वाढला की आपला आवाज आणखी खाली आणायचा, हेही तुमचंच. पहिल्या वर्षी मी ते विसरून ओरडत राहिले आणि दिवाळीपर्यंत माझा घसा बसला. मग एके दिवशी आवाजच फुटत नव्हता म्हणून हळू बोलले, तर सगळी पोरं गप्प होऊन पुढे सरकली. त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात हात जोडले होते. तुम्ही दिलेल्या हिरांच्या जुड्या अजून आहेत. माडाच्या झावळ्यांचे हीर सारखे कापून दहा-दहाची एक, अशा दहा जुड्या, केळीच्या सोपाने बांधलेल्या. मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा मी पेढे घेऊन आले आणि तुम्ही मला झाडू दिला, असं मी घरी सांगितलं होतं. आई म्हणाली, बाईंनी दिला तर झाडूपण जपून ठेव. सोप कधीच गेला, आता रबर लावते, पण हातचा म्हणजे काय ते जुडी सोडल्याशिवाय आजही कोणाला कळत नाही.

तुमच्या स्वयंपाकघराची मला फार आठवण येते. शाळेला लागून तुमचं घर, मधल्या सुट्टीत चुलीवर पेज, आणि जनेलाच्या गजांतून अर्धं लक्ष आमच्यावर. पोदेर सकाळी सायकलवरून पाव देऊन गेलेला असायचा. तुम्ही त्याच्याकडून काकणं घेऊन ठेवायचात, ती पावाचीच, पण कडक, गोल, बांगडीसारखी. मी तिसरीत आहे, जमिनीवर बसले आहे, आणि तुम्ही एक काकण माझ्या हातात देऊन म्हणता, ‘हेचे चार समान वाटे कर बघू.’ मी मोडते, तर एक तुकडा मोठा होतो. तुम्ही मोठा तुकडा स्वतः घेता आणि सांगता की समान झाले नाहीत म्हणजे वाटा नव्हे, ते नुसते तुकडे. अपूर्णांकाचं एवढं नेमकं स्पष्टीकरण मला नंतर कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. मी वर्गात काकणंच नेते. फक्त एक अडचण आहे, की धडा संपेपर्यंत छेद उरतो आणि अंश खाऊन झालेला असतो.

आणि तुमच्यावर आलेला रागही आठवतो. डीएडला असताना मी रंगीत पुठ्ठ्यांचे सात तक्ते करून तुम्हाला दाखवायला आणले. पणजीहून चकाकता कागद विकत आणला होता, कडेने लेस लावली होती. तुम्ही एकेक नीट पाहिलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, ‘तुजो तक्तो भिंतीक कळलो गो. पोरांक कळलो काय?’ मी घरी जाईपर्यंत रडत होते. दोन दिवस तुमच्यावर रुसलेही होते, ते तुमच्या लक्षात आलं नसेल. त्या तक्त्यांचं पुढे काय झालं ते सांगते: सुर्ल्याला आल्यावर एका पावसाळ्यात ते गळक्या कौलाखाली लावले आणि तेवढे दिवस त्यांचा उपयोग झाला.

पण सांगायचं आहे ते फणसाचं. माझी जीभ अडखळायची हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वाक्याचा पहिला शब्दच बाहेर यायचा नाही, मग मागच्या रांगेतून खुसखुस सुरू व्हायची आणि मग उरलेले शब्दही आतच राहायचे. तुम्ही हसणाऱ्यांना रागावला नाहीत, मला समजावलं नाहीत. एक दिवस पुस्तक माझ्या हातात दिलंत आणि मागच्या दारातून बाहेरचं झाड दाखवलंत. ‘जा, तेका वाचून दाखय. फणस काय हसूचो नाय.’ मी गेले. दुपार आहे, झाडाला खोडापासूनच फणस लगडलेले आहेत, चिकाचा वास येतो आहे, आणि मी एका झाडासमोर उभी राहून धडा वाचते आहे. पहिल्या दिवशी दोन ओळी झाल्या. महिन्याभराने पान झालं. वर्ष संपताना मी वर्गात उभी राहून वाचलं आणि तुम्ही ‘बस’ एवढंच म्हणालात. बाई, मी आज रोज चार इयत्तांना वाचून दाखवते. माझ्या आयुष्यात तुम्ही केलेलं हे सगळ्यात मोठं काम आहे आणि ते मी तुम्हाला कधी तोंडाने सांगितलं नाही.

यंदा माझ्या तिसरीत एक मुलगी आहे. वडील बेळगावकडचे, इथे खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. गणितात चलाख, हिरांची जुडी माझ्याआधी सोडते, पण वाच म्हटलं की ओठ मिटून जमिनीकडे बघत राहते. जूनच्या शेवटी वडील शाळेत आले. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक बंद, त्यामुळे माणूस रिकामा आणि काळजीला भरपूर वेळ. दाराबाहेर उभे राहूनच बोलले, ‘बाई, गणपतीला, चवथीच्या सुट्टीत गावाकडं जाऊ, तवा पोरगीला तिकडंच ठेवतो. आज्जीकडं ऱ्हाईल. हितं तिला काय कळंना झालंय.’ मी म्हटलं, तिला कळतं सगळं, फक्त आवाज निघत नाही. ते म्हणाले, ‘घरात बी काय वाचत न्हाई ओ. मी तर शिकलो न्हाई, मला काय कळायचं?’ मुलगी त्यांच्या मागे उभी होती. आईबापाला सोडून गावी राहायचं, हे तिला ठाऊक झालेलं होतं आणि त्यावरही ती काही बोलत नव्हती. मला तेव्हा फार भीती वाटली. चवथीला जेमतेम दोन महिने होते.

आमच्या शाळेच्या आवारात झाडच नाही. जास्वंदीची तीन झुडपं आहेत, पण त्यांच्यापुढे उभं राहून वाचण्यात काही अर्थ नाही, ती मुलांपेक्षा बुटकी आहेत. मी तिलाच विचारलं, तू कोणाला वाचून दाखवशील? मला नको, पोरांना नको, जो हसणार नाही असा कोणी सांग. तिने आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे बोट दाखवलं. तिथल्या मोकळ्या जागेत तिच्या वडिलांचा ट्रक उभा होता, पावसाळ्यापुरता, ताडपत्री बांधून. ‘गाडीला,’ ती म्हणाली. हे तिचं या वर्षातलं मला ऐकू आलेलं पहिलं पूर्ण वाक्य, म्हणजे एकाच शब्दाचं.

तर मधल्या सुट्टीत ती छत्री घेऊन जायची आणि ट्रकच्या दारापाशी उभी राहून वाचायची. मी तुमच्यासारखीच जनेलातून बघत राहायचे. पहिल्या आठवड्यात नुसते ओठ हलताना दिसायचे. दुसऱ्या आठवड्यात पाऊस थांबला की आवाज यायचा. हरवलेल्या म्हशीचा धडा होता, तिसरीतल्या सगळ्यांचा नावडता, कारण तो लांब आहे. ती रोज पहिल्यापासून सुरू करायची आणि म्हैस ओढ्यापाशी पोचली की माझी घंटा व्हायची. तिसऱ्या आठवड्यात तिचा आवाज एवढा वाढला की गडग्यावरचे कावळे उठले. मला वाटलं, गाडी मोठी आहे म्हणून ही मोठ्याने वाचत असेल. वर्गात मात्र अजून ओठ मिटलेलेच.

चवथीच्या आधी आठ दिवस वडील पुन्हा आले. मी मनात वाक्यं जुळवत होते, की आणखी थोडे दिवस द्या, निदान सहामाहीपर्यंत. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. चपला दाराबाहेर काढल्या, आत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘बाई, त्या म्हशीचं फुडं काय झालं?’

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. दुपारचं घरात पोरंबाळं झोपू देत नाहीत, म्हणून ते केबिनमध्ये जाऊन आडवे होतात. काचा वर, ताडपत्री खाली, बाहेरून कोणाला दिसत नाही. पहिल्या दिवशी पोरीचा आवाज ऐकून ते उठणार होते, पण उठलो तर ती थांबेल असं वाटलं, म्हणून तसेच पडून राहिले. महिनाभर असंच. ‘एकदा शिंक आली तर तोंडात रुमाल कोंबला बघा. आन म्हस वड्याला गेली की तुमची घंटा हुत्या.’ मी त्यांना सांगितलं की म्हैस सापडते, ओढ्यापलीकडे दुसऱ्याच्या गोठ्यात बसलेली असते. त्यांना फार बरं वाटलं. जाता जाता म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे पोरगी हितंच. आज्जीला मी सांगतो काय तरी.’ मी घंटा द्यायची सोडून तशीच उभी राहिले, आणि मधली सुट्टी त्या दिवशी बरीच लांबली. बाई, मला तुमच्या घरी धावत येऊन हे सांगावंसं वाटलं.

चवथ झाली, ती परत आली, आणि गेल्या सोमवारी तिने वर्गात अर्धं पान वाचलं. मी ‘बस’ म्हणाले. नंतर हिरांच्या जुड्या भरताना मला राहवलं नाही. म्हटलं, तुला एक गंमत सांगू? तू गाडीला वाचत होतीस ना, तेव्हा तुझे बाबा आत झोपलेले असायचे. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच हातच्याचं गणित चुकलं आहे.

‘ठावं हाय की,’ ती म्हणाली. ‘बाबाच्या चपला खाली असत्यात.’

‘मग तू गाडीला नव्हतीस वाचत?’

‘गाडीला काय कळतंय?’

जुड्या भरून ती खेळायला गेली. मी खुर्चीत बसून एकटीच हसत राहिले, आणि मग हसू थांबलं, कारण मला हळर्णची दुपार आठवली. तेव्हापासून हा कागद माझ्याकडून पुढे सरकत नाही. शनिवारी मी उभी राहून तुमचं सगळं सांगणार आहे, काकणं, हीर, हळू आवाज, आणि हे माझ्या बाईंचं आहे असंही सांगणार आहे. साहित्याच्या रकान्यात फणस तसाच राहू देते. पण फणसाबद्दल एक गोष्ट तिथे सांगणार नाही, ती इथेच लिहून हे कागद जुड्यांच्या डब्यात तळाला ठेवणार आहे.

बाई, तुम्ही खोडामागे उभ्या असायचात. स्वयंपाकघराच्या दारातून वळसा घालून यायचात आणि वाटायचं की मला दिसत नाही. पण खोड तुमच्याएवढं रुंद नव्हतं, तुमच्या हिरव्या पातळाचा काठ मला पहिल्या दिवसापासून दिसत होता. एकदा तुम्हाला मुंगळा चावला आणि तुम्ही ‘आयगे’ म्हणालात. तुम्हाला वाटू नये की मी ऐकलं, म्हणून मी पुढच्या दोन ओळी एका दमात, न अडखळता, मोठ्याने वाचल्या. त्या माझ्या पहिल्या धड ओळी. फणसाला मी कधीच काही वाचून दाखवलं नाही.