तुटक रेघेचा नकाशा

मी, भगवान हाशा भोईर, वय ६८, राहणार सारसोळे, नेरुळ, नवी मुंबई, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. दिसते कमी, ऐकू मात्र भिंतीपलीकडचेही येते, हे घरच्यांनी ध्यानात ठेवायला हवे होते.

१. राहते घर पत्नी यशोदाबाई हिने हयातभर वापरावे. तिच्यामागे ते मुलगा रणजीत याला, कलम चारची अट पाळल्यास.

२. तुर्भ्याचे गॅरेज भागीदार बाबासो याला. इंजिनाला टेकवून कानाला लावायचा लांब स्क्रू ड्रायव्हरही त्यालाच. इतकी वर्षे मला "घुशीच्या कानाचा" म्हणत आला आणि बिघाड मात्र माझ्याकडूनच ऐकून घेतला. आता स्वतः ऐक म्हणावे.

३. पलंगाखालच्या ट्रंकेत मस्कतकडच्या वाळवंटी किनाऱ्याचे जुने नकाशे आणि जीपने फिरणाऱ्यांसाठी साहेब लोकांनी लिहिलेली पुस्तके आहेत. मी तिथे सर्व्हे कंपनीत ड्रायव्हर होतो, तेव्हाची. विहीर कुठे, वाळूत चाकाची हवा किती सोडायची, सगळे खरे लिहिले आहे. खोटी फक्त तिसऱ्या नकाशावरची, खाडीच्या तोंडावरून जाणारी तुटक रेघ. "हिवाळ्यात कोरडा रस्ता" असे छापले आहे. तो रस्ता नाही. ते बांध नसलेले मिठागर आहे.

आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवले. वर पांढरी खपली, खाली चिखल. म्हणून आम्ही टाच आपटून ऐकतो, मगच पाय टाकतो. तिथेही ऐकले. पुढच्या गाडीत साताऱ्याचा भैरू होता. मी हाक दिली, "भैरू, थांब रं, खाली पोकल वाजतंय." तो हसला. "आरं, साहेबाच्या कागदावर रस्ता हाय, म्हंजी आसनारच की." भरती समोरून आली नाही, खालून आली. दोर टाकला, पोचला नाही. त्याचा हॉर्न बराच वेळ वाजत होता. अजून ऐकू येतो. पंखा बंद केला की जास्त.

४. ही ट्रंक सून राजेश्वरी हिला. रणजीतला नाही. तो मस्कतला पर्यटकांच्या गाड्या चालवतो. गणपतीला आला तेव्हा आतल्या खोलीत तिला सांगत होता, "बाबांना बोलू नको. जुना शॉर्टकट मिळालाय, डिसेंबरात पार्टी घेऊन जातो." तो गेल्यावर ट्रंक उघडली, तिसरा नकाशा नाही. फोन केला, तर म्हणाला तुमच्या वेळच्या गाड्या वेगळ्या होत्या. गाड्या वेगळ्या असतील, चिखल तोच आहे. अट अशी: तो नकाशा रणजीतने स्वतःच्या हाताने मला किंवा आईला आणून द्यावा. पोस्टाने चालणार नाही. नाहीतर घर राजेश्वरीचे.

५. रणजीत माझ्याआधी मयत झाल्यास त्याचा हिस्सा राजेश्वरीला. ही ओळ वकिलांनी घालायला लावली. सगळ्याच मृत्युपत्रांत असते म्हणाले. लिहिताना घरातले सगळे पंखे सुरू ठेवले.

६. असा कागद माणूस गेल्यावर उघडतात. तेवढा वेळ नाही; रणजीतची पार्टी या शुक्रवारी निघते. म्हणून साक्षीदारांनी सह्या झाल्याबरोबर कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन कलम तीन ते पाच त्याला फोनवर वाचून दाखवावे. बापाचे ऐकत नाही, वकिली भाषेचे ऐकेल. उचलला नाही तर पुन्हा लावावा. मी शेजारी उभा राहीन. पलीकडची घंटी रिकाम्या खोलीत वाजत असली, तर मला कळेल.

सही: भगवान हाशा भोईर
साक्षीदार: पंढरी कृष्णा म्हात्रे, सारसोळे, सुधीर वामन गद्रे, नेरुळ
सारसोळे, मंगळवार, ३ डिसेंबर १९९६