आधी डम्प, मग रीसेट

जरीपटका, नागपूर
९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

तू, भाऊजी, छोटी उन्नती मजेत असाल. मीही ठीक आहे. बाजारात संत्री आली आहेत, भाऊजींसाठी पाठवीन म्हणतो आणि राहून जातं. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. फोनवर तू "कसा आहेस?" विचारतेस, मी "ठीक" म्हणतो आणि लगेच आपण घर भाड्याने देण्यावर येतो. म्हणून हे पत्र.

मिहानमधल्या कंपनीतली नोकरी बरी चालली आहे. मागच्या आठवड्यात मात्र एका सर्व्हरने जीव खाल्ला. त्याच्या पोटात सर्व्हिस प्रोसेसर नावाचा छोटा कॉम्प्युटर असतो. मोठं यंत्र बंद पडलं तरी हा जागा राहतो आणि काय बिघडलं ते आम्हाला कळवतो. तोच गोठला. शेजारच्या टेबलावरच्या अपूर्वने पटकन रीसेट मारला. दिवे हिरवे झाले, साहेब खूश. दोन दिवसांनी पुन्हा तेच! दुरुस्तीवाल्या इंजिनिअरने डम्प मागितला, म्हणजे गोठला तेव्हा आत काय चाललं होतं त्याची नोंद. ती नव्हतीच. नुसत्या रीसेटने आतलं सगळं पुसलं जातं, आणि वेळ वाचावा म्हणून डम्पची सेटिंग आम्हीच बंद ठेवली होती.

काल मी ती चालू केली. आता गोठला तर आधी डम्प, मग रीसेट. एकदा मुद्दाम करून पाहिलं. डम्प उतरत असताना कशालाच हात लावायचा नसतो, शेजारी बसून राहायचं.

तसा बसलो आणि रडू आलं, ताई.

उन्हाळ्यात बाबा गेले आणि चार दिवसांत तू घर लख्ख केलंस. कपडे वाटलेस, पलंग काढलास, औषधं फेकलीस. स्वतः रडली नाहीस, मलाही रडू दिलं नाहीस. "कामावर जा, मन रमेल," म्हणालीस आणि पुण्याला गेलीस. लोक म्हणाले, पोरं खंबीर आहेत. तुझ्यावर राग नाही. खरं म्हणजे थोडा आहे.

अपूर्वने पाहिलंच. "काहून गा धम्मदीप, रडून राहिला का तू?"

"एसीची हवा लागून राहिली डोळ्याले."

"मले नको शिकवू. बाबाची याद आली ना?" त्याने खुर्ची ओढली. "बस मग. मीबी बसतो."

डम्प संपेपर्यंत तो बसला. उन्हाळ्यापासून माझ्याजवळ असं कोणी बसलं नव्हतं.

मी ठीक नाही, ताई. गाडीचा आवाज आला की बाबा दार उघडायचे, तुला माहीत आहे. आता मी गेटपाशी गाडीवरच बसून राहतो. समोरच्या भीमाबाई विचारतात, "चाबी हरपली का रे बाबू?" मी हो म्हणतो. रोज चावी हरवणारा माणूस म्हणून गल्लीत माझं नाव झालं असेल.

घराचं नंतर ठरवू, तू म्हणशील तसं करीन. आधी ये. आल्या आल्या झाडू हातात घेऊ नकोस, काही आवरू नकोस. बाबांचा चष्मा फ्रिजवर आहे, तुझ्या तडाख्यातून तेवढा वाचला. त्याच्यापाशी दोघं बसू. तूही अजून रडली नाहीस, मला माहीत आहे.

रिक्षाचा आवाज आला की दार मी उघडीन.

तुझी वाट पाहणारा,
धम्मदीप