कोरं म्हणजे नाही

प्रिय खारू,

हे पत्र मावशी तुझ्या हातात देईल, पण तिच्यावर चिडू नकोस. तिने मला तुझा पत्ता दिलेला नाही. रडून बघितलं, रुसून बघितलं, ती बधली नाही. एक पाकीट तेवढं पोचवीन म्हणाली, तेही एकदाच. मी बरी आहे. केस पिकले, गुडघा कुरकुरतो, बडबड मात्र होती तशीच आहे. ऐकायला घरात कोणी नाही, म्हणून कुकरशी बोलते. तो निदान शिट्टी तरी देतो.

नोकरी तीच, जाहिरातींच्या टपालाची. ताई लोकांच्या दारात कचरा टाकते, असं तू म्हणायचास. अगदीच खोटं नाही ते. दुकानं आपल्या गिऱ्हाइकांच्या याद्या पाठवतात, आणि यादीतला कुठला रकाना आमच्या कॉम्प्युटरमध्ये कुठल्या खान्यात जाऊन बसेल, याचे नियम मी लिहिते. वाटतं सोपं. पण कोणी आडनाव आधी लिहितं, कोणी शेवटी, आणि एक छत्रीवाला तर नावाच्या रकान्यात शेरेच लिहायचा. मी तो न बघता तसाच जोडला, आणि अडीचशे घरी पत्रं गेली. त्यातलं एक होतं, 'प्रिय दर वेळी विसरून जातो'. साहेबांनी मला असं झापलं की विचारू नकोस. तू असतास तर हसून लोळला असतास, आणि मग मीही हसले असते.

एका नियमासाठी मात्र मी साहेबांशी भांडले. प्रत्येक यादीत एक रकाना असतो, पत्र पाठवलं तर चालेल का? बहुतेक लोक तो कोराच सोडतात. साहेब म्हणाले, कोरं म्हणजे हो धरा, नको असतं तर बोलले असते. मी अडून बसले. माणूस गप्प बसला म्हणजे त्याला सगळं चालतं, हे कुणी सांगितलं? कोरं म्हणजे नाही. अशा माणसाला एकदाच विचारायचं, हो आणि नाही असे दोन चौकोन छापलेलं कार्ड पाठवून. उत्तर आलं नाही तर पुन्हा त्याच्या दाराशी जायचं नाही. शेवटी वैतागून साहेब म्हणाले, करा बाई तुमच्या मनासारखं. तेव्हापासून तो नियम चालू आहे.

आता एक वेडेपणा सांगते. टपाल नीट जातं की नाही हे कळावं म्हणून आम्ही प्रत्येक यादीत एक खोटं नाव घुसवतो आणि पुढे आपल्याच घरचा पत्ता टाकतो. पाकीट घरी आलं की समजायचं, गाडी रुळावर आहे. बाकीचे काहीबाही गमतीची नावं टाकतात. मी तुझं टाकलं. तुझं पूर्ण नाव, तुझी जन्मतारीख, माझा पत्ता. त्यामुळे गेली नऊ वर्षं तुझं टपाल माझ्याकडे येतं. तुझ्या वाढदिवसाला बुटांचं दुकान, गाद्यांचं दुकान, दातांचा डॉक्टर, सगळे तुला शुभेच्छा पाठवतात. मी ती कार्डं फेकत नाही, कपाटात तुझ्या खणात ठेवते. पोस्टमनला वाटतं आपण दोघं इथे राहतो. तो विचारतो, भाऊ बरे आहेत ना? मी म्हणते, बरा आहे, आत्ताच बाहेर पडला.

गेल्या महिन्यात चष्म्याच्या दुकानाची यादी आली. एकच नाव, एकच जन्मतारीख, आणि पत्ते दोन. अशा वेळी कॉम्प्युटर थांबतो आणि विचारतो, ही दोन माणसं एकच आहेत का? एक पत्ता माझा होता. दुसरा तुझा, इथून बसने वीस मिनिटांवरचा. अरे, तुला वाचायचा चष्मा लागला! मी तिथेच, सगळ्यांच्या देखत रडले. मी हो म्हटलं असतं तर जुना पत्ता कायम राहिला असता आणि तुझं खरंखुरं टपाल माझ्याकडे आलं असतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण मी 'नाही'चं बटण दाबलं. माझ्या घरातला तू खोटाच होतास. आणि तुझा परवानगीचा रकाना बघितला. कोरा होता. यादीतला पत्ता मला स्वतःच्या कामाला वापरता येत नाही, म्हणून मावशीकडे गेले.

खारू, आई गेली तेव्हा मी तुला सांगितलं की 'त्याला कळवू नकोस' असं आईच म्हणाली होती. ते तिच्या आजारपणाच्या पहिल्या दिवशीचं. नवीन नोकरी आहे त्याची, उगाच धावपळ नको, असं ती म्हणाली. चौथ्या दिवसापासून ती रोज विचारत होती, तो कधी येतोय? आमच्या कामात माणसाचं शेवटचं उत्तर खरं धरतात. मी तिचं पहिलं उत्तर एकवीस दिवस चालवलं. तू आलास की आई तुझीच व्हायची, लहानपणापासून. तीन आठवडे ती माझी एकटीची होती, आणि मला ते सोडवेना. ती तुझ्यावर रुसून गेली नाही रे. दाराकडे बघत गेली. हे तुला अकरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. सोबत एक कार्ड आहे, तिकीट लावलेलं, दोन चौकोनांचं. ताईने यावं का, एवढंच विचारलंय. नाहीवर खूण केलीस तर रडेन, पण मानेन, आणि याद्यांतलं तुझं नावही काढून टाकेन. कार्ड आलंच नाही तरी मला उत्तर कळेल, नियम माझाच आहे. आईच्या वेळी तुझा रकाना मी तुला न विचारता भरला होता. या वेळी तूच भर.

तुझीच,
विचारायला उशीर केलेली
ताई