लहान कुंडीतलं जिरेनियम

धाराशिव, १९४४

प्रिय चन्नम्मा, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

माझी तब्येत उत्तम आहे, राग त्याहून उत्तम. तू दिलेलं खुजं जिरेनियम भाचेसून इरम्मानं मला न विचारता बादलीत हलवलं. वर शेणखत, रोज तांब्याभर पाणी. म्हणते, "मावशी, तुमी झाडाला उपाशी ठेवलं, म्हणून ते वाढंना."

अगं, त्याची जातच वीतभर. मुळं आवळलेली अन् माती कोरडी असली तरच ते फुलतं, हे मी कॉन्व्हेंटात असताना शिकले. आता देठ कुजलाय. धडका शेंडा कापून लहान डब्यात लावलाय.

मलाही इथं भलीमोठी खोली दिलीय. ताटात दोनदा वाढतात, कामाला हात लावू देत नाहीत. जिन्याखालची माझी खोली कुणाला दिली नाहीस ना? शेंडा रुजला की आम्ही दोघं घरी येतो.

तुझी,
रुद्राक्का